रायपूरकडची दोन कामं

कोलकात्याला टीव्ही येण्याआधी तो रायपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत आला होता. आज हे सांगितलं तर चटकन कोणी विश्वास ठेवणार नाही, पण तारखा स्वच्छ आहेत. १ ऑगस्ट १९७५ ला ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह-शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. कोलकात्याचं दूरदर्शन केंद्र सुरू झालं ९ ऑगस्टला, मद्रासचं १५ ऑगस्टला. अमेरिकेच्या ‘नासा’ने आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर वापरायला दिला, ‘इस्रो’ने जमिनीवरची व्यवस्था उभी केली आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत एकेक संच बसवायचं ठरलं. तेव्हाच्या मध्य प्रदेशातून निवड झाली ती रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर या जिल्ह्यांची, म्हणजे आज ज्याला आपण छत्तीसगड म्हणतो त्याच्या ऐन पोटातल्या मुलखाची. शाळेच्या नाहीतर पंचायतीच्या इमारतीवर खुराड्याला लावायच्या जाळीपासून बनवलेली तीन मीटर व्यासाची अँटेना, आणि खाली काळा-पांढरा संच. वीज नसेल तिथे बॅटरी. सकाळी दीड तास शाळकरी पोरांसाठी, संध्याकाळी अडीच तास सगळ्या गावासाठी. देशात आणीबाणी लागून जेमतेम महिना झाला होता, हेही जाता जाता लक्षात ठेवलेलं बरं.

संच बसले, पण पोरांना दाखवायचं काय? शहरातल्या स्टुडिओत बसून केलेले शेतीचे धडे खेड्यातली मुलं किती वेळ बघणार? ‘युनिसेफ’च्या पैशातून मुलांसाठी छोटे छोटे चित्रपट करून घ्यायचं ठरलं आणि त्यातल्या २१ चित्रपटांचं काम श्याम बेनेगलांकडे आलं. बेनेगलांनी तोवर जाहिरातपटांचा ढीग उपसला होता आणि १९७४ मध्ये ‘अंकुर’ येऊन गेला होता. या कामाच्या निमित्ताने त्यांचा खेड्यातल्या मुलांशी आणि लोककलावंतांशी संबंध आला. त्यातूनच पुढचा चित्रपट निघाला. बालचित्र समितीसाठी केलेल्या ‘चरणदास चोर’मध्ये (१९७५) त्यांनी यातल्या बऱ्याच मुलांना घेतलं. कॅमेऱ्यामागे गोविंद निहलानी होते, आणि पडद्यावर हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’ची छत्तीसगडी नटमंडळी. त्या मंडळींत मुंबईहून आलेली एक एकोणीस वर्षांची मराठी मुलगी होती. पूर्ण लांबीच्या सिनेमात तिचं हे पहिलंच काम. ती म्हणजे स्मिता पाटील.

स्मिता पाटील आणि ओम पुरी या दोघांबद्दल लिहिताना आपण सरळ ‘समांतर सिनेमा’ म्हणतो आणि मोकळे होतो. जणू हा सिनेमा चार बंडखोर डोक्यांतून आपोआप उगवला. मला या दोघांची वाटचाल वेगळी दिसते. रायपूरच्या आसपास त्यांनी जी कामं केली ती जवळून पाहिली, की ते नट कोणी घडवले हे स्पष्ट होतं. राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, बालचित्र समिती, दूरदर्शन. सरकारी खातं म्हटलं की आपल्याला फायली आणि लाल फीत आठवते, आणि बहुतेक वेळा ते योग्यच असतं. पण साधारण १९७२ ते १९८८ या सोळा वर्षांत याच खात्यांनी बाजाराला नको असलेले चेहरे उभे केले.

स्मिताची सुरुवातच मुळी सरकारी पडद्यावर झाली. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५. वडील शिवाजीराव पाटील शिरपूरकडचे, राजकारणातले; आई विद्याताई समाजकार्यात. शाळा पुण्यात, आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून महाराष्ट्राबाहेरही फिरणं झालेलं. वडील मंत्री झाल्यावर घर मुंबईला आलं. मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं. तिथे ती मराठी बातम्या वाचू लागली. ऐन वेळी जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, ही आठवण इतक्या जणांनी सांगितली आहे की ती आता दंतकथेत जमा झाली. बातम्या वाचताना अभिनय करायचा नसतो. चेहरा स्थिर ठेवून, डोळ्यांनी समोरच्याला धरून ठेवायचं असतं. स्मिताच्या पुढच्या सगळ्या कामांत ही सवय दिसते असं मला वाटतं. तिची नजर समोरच्या पात्रावरून सुटून आपल्यापर्यंत येते. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकरांनी केलेल्या ‘तीव्र मध्यम’ या पदविका-चित्रपटात ती आधी दिसली होती. बेनेगलांचे ध्वनिमुद्रक हितेंद्र घोष तिला ओळखत होते. बेनेगलांनी तिला टीव्हीवर पाहिलं आणि ‘निशांत’ डोक्यात ठेवून आधी ‘चरणदास चोर’मध्ये घेतलं. मोठ्या कामाआधी छोट्या कामात पारखून घ्यायची ही पद्धत नाटक कंपन्यांतही होतीच.

हबीब तन्वीर मूळ रायपूरचे. १ सप्टेंबर १९२३ चा जन्म, शाळा रायपूरला आणि पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून. तेव्हा रायपूर मध्य प्रांतात होतं आणि शिकायला नागपूरला जाणं ही तिकडची रीत होती. नागपूरकर भोसल्यांचा अंमल जाऊन जवळजवळ नव्वद वर्षं झाली तरी ही वाट तशीच राहिली होती, आणि रायपूरच्या तात्यापाऱ्यातली मराठी घरं त्याच वाटेने आलेली. तन्वीर पुढे मुंबईला ‘इप्टा’त गेले, दिल्लीत ‘आग्रा बाजार’ केलं, लंडनला ‘राडा’त शिकून आले आणि शेवटी परत छत्तीसगडच्या ‘नाचा’कडे वळले. नाचा म्हणजे रात्रभर चालणारा लोकनाट्याचा खेळ. त्यातल्या मदनलाल, लालूराम, गोविंदराम निर्मलकर, फिदाबाई अशा नटांना त्यांनी आपल्याकडे घेतलं.

‘चरणदास चोर’ची मूळ गोष्ट विजयदान देथांची, राजस्थानी. भिलाईच्या एका शिबिरात तिचं नाटक होऊ लागलं आणि पहिला कच्चा खेळ मैदानात सतनामी लोकांसमोर झाला. सतनामी म्हणजे गुरू घासीदासांचे अनुयायी. घासीदास १७५६ साली गिरौदपुरीला जन्मले. चामड्याचं काम करणाऱ्या जातीतल्या हजारो माणसांना त्यांनी सांगितलं, की सत्य हाच देव आणि माणसामाणसांत भेद नाही. अशा लोकांसमोर खोटं न बोलण्याची शपथ घेतलेल्या चोराची गोष्ट ठेवल्यावर व्हायचं तेच झालं. सतनाम्यांची पंथी गाणी नाटकात येऊन बसली. (आणि २००९ मध्ये, तन्वीर जाऊन दोन महिनेही होत नाहीत तोच, सतनामी समाजातल्या काहींच्या आक्षेपावरून छत्तीसगड सरकारने याच नाटकाच्या पुस्तकावर बंदी घातली. सरकार एका हाताने देतं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतं, ते असं.)

खोटं न बोलण्याच्या शपथेखेरीज चरणदास गंमत म्हणून गुरूसमोर आणखी चार शपथा घेतो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राजा होणार नाही आणि राणीशी लग्न करणार नाही. चोराच्या जन्मात यातलं काय समोर येणार? पण येतं. राणी त्याच्यावर भाळते, तो नाही म्हणतो, आणि ती त्याला मारून टाकते. ही राणी रंगमंचावर फिदाबाई करत असत आणि चित्रपटात स्मिताने केली.

एकाच राणीच्या या दोन नट्या. फिदाबाई देवार समाजातल्या. त्या समाजात बायकांचं गाणं-नाचणं हेच पोट. अक्षरओळख बेताची, पण उभं राहण्यात असा दिमाख की दिल्ली-मुंबईच्या समीक्षकांनीही माना डोलावल्या. त्यांनी पुढे ‘बहादुर कलारिन’मध्ये मुलाला विहिरीत लोटणारी आई केली, आणि ते काम पाहिलेले लोक अजून त्याबद्दल बोलतात. १९८२ मध्ये ‘चरणदास चोर’ एडिनबरोला जाऊन ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार घेऊन आलं. पण सिनेमाची राणी म्हणून बेनेगलांना स्मिता हवी होती. त्यात अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. कॅमेऱ्याला जे हवं होतं ते स्मिताकडे होतं. एवढंच, की स्मिताला या कामातून पुढची वाट मिळाली आणि फिदाबाईंची वाट ‘नया थिएटर’च्या गाडीतूनच पुढे गेली.

स्मिताला ‘निशांत’ मिळाला, मग ‘मंथन’ आणि १९७७ मध्ये ‘भूमिका’. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर आधारलेल्या त्या चित्रपटाने तिला बाविसाव्या वर्षाच्या आसपास राष्ट्रीय पारितोषिक मिळवून दिलं. त्याच साली ‘जैत रे जैत’मध्ये ती चिंधी झाली आणि मोहन आगाशे नाग्या.

ओम पुरीची वाट खडतर होती. जन्म अंबाल्याचा, १९५०. जन्मतारखेची नोंदसुद्धा घरात नव्हती. दसऱ्याच्या आसपासचा म्हणून त्याने पुढे स्वतःच १८ ऑक्टोबर ही तारीख ठरवली. लहानपणी चहाच्या टपरीवर कपबशा विसळल्या. पतियाळात हरपाल टिवाणांच्या नाटकमंडळीत शिरला, तिथून राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अल्काझींच्या हाताखाली गेला आणि १९७३ ला बाहेर पडून पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये आला. तोंडावर देवीचे व्रण. हा चेहरा हिरोचा नव्हता आणि खलनायकाचाही नव्हता. त्या काळच्या मुंबईत अशा चेहऱ्याला कोणी दारात उभं केलं नसतं.

त्याला पहिलं मोठं काम दिलं ते मराठी सिनेमाने, आणि हे आपणच विसरतो. इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा अशा पोरांनी सहकारी तत्त्वावर ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) केला. पटकथा तेंडुलकरांची. नाना फडणवीस नाटकातलेच, म्हणजे मोहन आगाशे. आणि घाशीराम, हा पंजाबी गडी. पुढे ‘आक्रोश’मधला लहान्या भिकू आणि ‘अर्धसत्य’मधला अनंत वेलणकर हेही तेंडुलकरांच्याच लेखणीतून आलेले. पंजाबीत विचार करणाऱ्या या नटाची तीन सर्वांत महत्त्वाची कामं मराठी लेखणीतली आहेत. ‘आक्रोश’मध्ये (१९८०) लहान्या जवळजवळ तोंडच उघडत नाही. बायकोच्या खुनाचा आरोप अंगावर, आणि हा गप्प. ती बायको, नागी, स्मिताने केली होती. एकत्र प्रसंग मोजके, पण या जोडीत असं काही होतं की पुढच्या वर्षी सत्यजित राय यांनी दोघांनाही नवरा-बायको म्हणून घेतलं.

१९८१ मध्ये राय साठ वर्षांचे झाले होते. ‘शतरंज के खिलाडी’नंतर हा त्यांचा दुसरा हिंदी चित्रपट, कथा पुन्हा प्रेमचंदांचीच, आणि निर्माता खुद्द दूरदर्शन. ‘सद्गती’, लांबी अवघी ५२ मिनिटं. संवादांवर प्रेमचंदांचे चिरंजीव अमृत राय यांनीही हात फिरवला. प्रेमचंदांचं खेडं उत्तरेतलं. राय यांनी चित्रीकरण केलं ते रायपूरच्या परिसरात. मुंबई-हावडा लाइनवरचं हे गाव. राय आले हावड्याकडून आणि नट आले मुंबई-पुण्याकडून.

गोष्ट साधी आहे आणि म्हणूनच भयंकर. दुखी चांभाराला मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून हवा आहे. पंडिताकडे रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून तो गवताचा भारा घेऊन जातो. नुकताच तापातून उठलेला, पोटात काही नाही. पंडित म्हणतो, येतो, पण आधी अंगण झाड, भुसा आत टाक, आणि हो, तेवढा ओंडका फोडून ठेव. ओंडका जुना आहे, गाठीगाठींचा. कुऱ्हाड आदळते आणि उसळते. दुखीचं काम चामड्याचं, लाकूड फोडायची सवय नाही. चिलमीसाठी विस्तव मागायला तो घरात पाऊल टाकतो तर पंडिताची बायको खेकसते, आणि निखारा टाकते तो लांबून. गावातला एक गोंड येऊन त्याला सांगतो की हे फुटायचं नाही, तू आधी काही खा. दुखी ऐकत नाही. घावावर घाव घालत तो ओंडक्यापाशीच कोसळतो.

ओम पुरीचं या ओंडक्याबरोबरचं काम पुन्हा पुन्हा पाहण्यासारखं आहे. सुरुवातीचे घाव अदबीचे आहेत, मालकाने ऐकावेत म्हणून घातलेले. मग अंगातलं त्राण संपत जातं, तसे ते चुकार पडतात. आणि शेवटचे घाव लाकडावर नाहीतच. तोंडाने तो पंडिताविरुद्ध एक शब्द बोलत नाही, तसं बोलणं त्याला सुचणारच नाही, पण खांदे आणि मनगट बोलून जातात. ‘आक्रोश’मध्ये तो डोळ्यांनी गप्प होता, इथे त्याने तीच गोष्ट पाठीने केली. आणि तिकडे पडवीत आगाशे जेवून डुलकी काढत आहेत. आगाशेंचा पंडित दुष्ट नाही, हेच त्यातलं मर्म. तो निवांत आहे. नाना फडणवीसांत सत्ता ठसक्याने मिरवायची होती, इथे ती ढेकर देते. आणखी एक योग पाहा. प्रेमचंदांच्या कथेतल्या या पंडिताचं नाव घासीराम. पाच वर्षांपूर्वी घाशीराम होता ओम आणि त्याला खेळवणारे नाना होते आगाशे. आता घासीराम झाले आगाशे, आणि मरायची पाळी पुन्हा ओमवरच. हे सगळं घडतंय घासीदासांच्या मुलखात, जिथे दुखीच्याच जातीच्या माणसांनी पंडिताशिवाय जगायचं दीडशे वर्षांपूर्वी ठरवून टाकलं होतं. राय यांनी हे मनात धरलं होतं की नाही, याने फरक पडत नाही. पाहणाऱ्याच्या मनात ते येतंच.

स्मिताच्या वाट्याला दुखीच्या बायकोचे, झुरियाचे, प्रसंग थोडेच. सकाळी नवऱ्याला उपाशी जाऊ न देण्याची धडपड, आणि नंतर पावसात, प्रेतापाशी, तिचा आक्रोश. कामाचा आकार पाहून हुज्जत घालणारी नटी असती तर तिने ही भूमिका घेतलीच नसती. तेव्हा ती ‘चक्र’साठी दुसरं राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारी अभिनेत्री होती. पण या पावसातल्या रडण्यात तिने सौंदर्याचा, आवाजाच्या गोडव्याचा, कशाचाही मुलाहिजा ठेवला नाही. आपल्या सिनेमात विलाप पुष्कळ आहेत. इतका उघडावाघडा मला दुसरा आठवत नाही.

प्रेत कोणी उचलत नाही. गोंडाने चांभारवाड्यात जाऊन सांगितलेलं असतं, की पोलीस येतील, हात लावू नका. शेवटी पहाटे पंडित स्वतः दोरी टाकून, न शिवता, ते प्रेत ओढत नेऊन ढोरं टाकायच्या जागी सोडतो आणि परत येऊन पाणी शिंपडतो. हा गोंड केला होता भैयालाल हेडाऊ यांनी. हे राजनांदगावकडचे, रामचंद्र देशमुखांच्या ‘चंदैनी गोंदा’ या गाजलेल्या लोककलापथकातले गायक. त्यांचं आडनाव नागपूरकडच्या वाचकाला ओळखीचं वाटेल. चित्रपटात पंडिताला ताठ मानेने अडवणारा तेवढा एकच माणूस आहे, आणि तो छत्तीसगडच्या मातीतला नट आहे. हे काम राय यांनी बाहेरून आणलेल्या नटाला दिलं नाही.

‘सद्गती’ला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत होऊ लागलं, त्या सुरुवातीच्या दिवसांतच तो घराघरांत दिसला. उपग्रहाचा तो पहिला प्रयोग १९७६ च्या जुलैअखेर संपला होता, तरी १९७७ मध्ये रायपूरला जमिनीवरचं प्रक्षेपण केंद्र आलं होतं.

पुढची वर्षं दोघांचीही भराभर गेली. स्मिताने ‘सद्गती’च्याच सुमारास ‘उंबरठा’ केला. ओमला ‘आरोहण’ आणि ‘अर्धसत्य’साठी लागोपाठ राष्ट्रीय पारितोषिकं मिळाली. ‘अर्धसत्य’मध्ये ज्योत्स्ना गोखले स्मिताच होती. मग स्मिता धंदेवाईक हिंदी सिनेमातही गेली. त्याबद्दल तिला नावं ठेवणारे ठेवोत. सरकारी कामांच्या बिदागीत मुंबईत घर चालत नाही हे तिला कळत होतं. १३ डिसेंबर १९८६ ला, बाळंतपणानंतरच्या आजारात, एकतिसाव्या वर्षी ती गेली. दोघांचा ‘मिर्च मसाला’ त्यानंतर लागला.

१९८८ मध्ये ओम पुरी पुन्हा दूरदर्शनवर चामड्याचं काम करणारा झाला. निहलानींच्या ‘तमस’मधला नत्थू. डुक्कर मारण्याच्या प्रसंगात पुन्हा तीच झटापट आहे, तेच घामाने निथळणारं अंग, आणि ‘सद्गती’ पाहिलेल्यांना तो ओंडका आठवल्याशिवाय राहत नाही. नंतर तो ‘सिटी ऑफ जॉय’, ‘ईस्ट इज ईस्ट’ करत परदेशात गेला, हिंदीत विनोदी कामांचा धडाका लावला, त्यातली कित्येक त्याच्या लायकीची नव्हती. ६ जानेवारी २०१७ ला तो गेला तेव्हा ‘सद्गती’ काढणारं दूरदर्शन आणि तेव्हाची बालचित्र समिती, दोन्हींचे दिवस सरलेले होते.

आणि रायपूरकडचे नट? गोविंदराम निर्मलकरांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ते पक्षाघाताने खिळलेले होते आणि तुटपुंज्या मानधनावर दिवस काढत होते. देशभर आणि परदेशात चरणदास करणाऱ्या या माणसाला सिनेमाने फारसं विचारलं नाही. त्यांच्यात काही कमी होतं म्हणून नव्हे. ओमपाशी पुणे आणि दिल्लीचे दाखले होते, स्मिता आणि ओम दोघांनाही हिंदी बोलता येत होती, मुंबईत राहायला जागा होती. नाचाच्या नटापाशी यातलं काहीच नव्हतं आणि सरकारच्या कुठल्याच खात्याला ही उणीव भरून काढायचं सुचलं नाही. ‘नया थिएटर’चाच ओंकारदास माणिकपुरी २०१० मध्ये ‘पीपली लाइव्ह’चा नत्था म्हणून पडद्याच्या मधोमध आला, तेव्हा पैसा आमिर खानच्या कंपनीचा होता.